हिंदमाताचं पाणी, पद्मिनीचं इंजिन

आज पद्मिनी गाडीचं इंजिन पूर्ण उघडलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातलं. मुंबईत हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात चालू इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं. पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

रॉड बदलायचाच आहे, तर बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन घालतोय, हेडला फेसिंगही करून घेतोय. हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, ताकद वाढते. पण अती घासलं तर इंजिन ठोके देतं. हा तोल सांभाळण्यातच खरं सुख आहे. शर्यतीच्या गाडीचा थोडा तरी जोर या जुन्या ब्लॉकमधून काढायचाच!

रात्री चाळीत आवाज नको, म्हणून फक्त मोजमाप: रिंगांची फट, फीलर गेजने. उद्या व्हॉल्व्ह घासायचे. पुन्हा पाणी ओढलं जाऊ नये म्हणून एअर फिल्टरची नळीही यंदा उंच घेतोय.