दोऱ्यावाचून

दाताला कॅप बसवून घेणारा मनुष्य खुर्चीवरून उठताना बहुधा एकच प्रश्न करतो, की ही किती वर्षे टिकेल. आणि या प्रश्नाचे उत्तर कॅप धातूची आहे, चिनी मातीची आहे की झिर्कोनियाची आहे यावर जितके अवलंबून असते, त्याहून पुष्कळ अधिक ते दात व हिरडी यांच्यामधल्या एका चिंचोळ्या खाचेवर अवलंबून असते, ही गोष्ट धरमपेठेतल्या माझ्या दवाखान्यात आजवर ज्यांना ज्यांना मी समजावून सांगू गेलो, त्यांनी ती केवळ भिडेखातर ऐकून घेतली असावी. निरोगी तोंडात ही खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. कॅपसाठी घासून लहान केलेल्या दाताची कड, म्हणजे जेथे कॅपचा काठ येऊन टेकावयाचा ती रेषा, पुष्कळदा या खाचेत अर्धा मिलिमीटर उतरलेली असते. आणि भूमापन खात्याचा मोजणीदार हद्द कायम करण्यापूर्वी बांधावरचे गवत-माती दूर करून निशाणीचा दगड जसा उघडा करून घेतो, तद्वत माप घेण्यापूर्वी ती कड हिरडीच्या कबजातून मोकळी करून घ्यावी लागते.

फरक एवढाच, की उपटलेले गवत तेवढ्यात उगवत नाही, हिरडी मात्र परत येते. बाजूला सारणारी वस्तू काढून घेतली की अर्ध्यापाऊण मिनिटातच ती मिटू लागते, आणि तेवढ्या मुदतीत मापाचे पातळ रबर कडेच्याही थोडे खाली पोचले पाहिजे. तेथे त्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटरहून कमी राहिली, तर माप तोंडातून ओढून काढताना तो पापुद्रा फाटतो किंवा वाकडा होतो. आमच्या नागपुरात या घाईत वैशाखही आपला हिस्सा मागतो. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला असला की खोलीत कूलर कितीही घोंघावत असला तरी सिलिकोन रबर डब्यावर छापलेल्या वेळेआधीच घट्ट होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यात रबराचे डबे गार जागी ठेवण्याचा आणि मळण्याचे काम क्षणभरही न रेंगाळू देण्याचा शिरस्ता आम्हांला पाळावा लागतो.

मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात, जे १९६८ साली सुरू झाले, आम्हांला हिरडी सारण्याची जी विद्या शिकविण्यात आली ती दोऱ्याची. सुती धाग्यांचा विणलेला बारीक दोरा, तीन शून्यांपासून तीन क्रमांकापर्यंत निरनिराळ्या जाडीचा. तो ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवावयाचा, दाताभोवती फास घालावयाचा, आणि बोथट, पातळ पात्याच्या हत्याराने दोन दातांमधल्या सांदीपासून आरंभ करून तो खाचेत बसवीत जावयाचे. हत्याराचे टोक पुढे ढकलले तर बसविलेला भाग मागून निसटतो, म्हणून ते किंचित मागे, बसलेल्या दोऱ्याकडे कलते धरावे लागते. ही खुबी पुस्तकात एका ओळीत असते आणि बोटांत येण्यास मात्र विद्यार्थ्याचा एक हंगाम खर्ची पडतो. फेरिक सल्फेटने रक्त चटकन थांबते, पण हिरडी काळवंडते. ॲड्रेनलिन लावलेला दोरा रक्तदाबाच्या वा हृदयविकाराच्या रुग्णाला वर्ज्य. कोरडा पडलेला दोरा तसाच ओढला तर खाचेचे नाजूक अस्तर त्याच्याबरोबर सोलून येते, यास्तव तो ओला करून काढावयाचा. इतके सारे पथ्य पाळूनही हात जड पडला, की पुढच्या दातांची पातळ हिरडी कायमची थोडी वर सरकते आणि कॅपचा काठ हसताना दिसू लागतो.

गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन यांनी १९६१ साली शवांच्या जबड्यांवरील मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा खाचेच्या तळाखाली हिरडी दाताला जेथे प्रत्यक्ष चिकटलेली असते तो पट्टा सरासरीने अवघा २.०४ मिलिमीटर भरला. दोऱ्याचे हत्यार दांडगाईने चालविणारा या पट्ट्यावर अतिक्रमण करतो, आणि शरीर ते अतिक्रमण कधीही नियमित करून देत नाही. एक तर तेथे कायमची सूज धरते, नाही तर हाड मागे हटते.

दोऱ्यावाचून हिरडी सारण्याची साधने या पार्श्वभूमीवर आली. फ्रान्समधून आलेला एक्सपॅसिल हा लेप म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती व ॲल्युमिनियम क्लोराइड यांचा घट्ट गारा. वाकड्या नळीच्या टोकाने तो खाचेत सावकाश भरीत गेले, की हिरडीचा काठ पाहता पाहता फिकट पडतो आणि दातापासून सुटून उभा राहतो. मिनिट-दोन मिनिटे थांबावयाचे, पाण्याच्या फवाऱ्याने सारा लेप धुऊन काढावयाचा, हवेने हळू कोरडे करावयाचे आणि माप घ्यावयाचे. स्वित्झर्लंडच्या कोल्टेन कंपनीचा मॅजिक फोम कॉर्ड हा याहून वेगळा. ते फुगणारे सिलिकोन आहे, दाताभोवती सोडून त्यावर कापसाची पोकळ टोपी ठेवतात आणि रुग्णाला पाच मिनिटे दात दाबून बसावयास सांगतात. त्यात रक्त थांबविणारे द्रव्य नाही, हे विकणारा आवर्जून सांगत नाही. रबरी हातमोज्यांतील गंधकाचा अंश लागला तर मापाचे सिलिकोन आळत नाही. लेपाचा कणही मागे राहिला तर कडेवरची रेघ पुसट येते. धुण्यात काटकसर करणाऱ्याने लेपाच्या वाटेस जाऊ नये.

या लेपांवर आमच्या धंद्यात एक आक्षेप सदैव घेतला जातो, तो असा, की त्यांना जोर नाही. आक्षेप खरा आहे. दोऱ्याचा दाब कितीतरी अधिक. सुजलेल्या, स्पर्श होताच रक्त सोडणाऱ्या हिरडीलाही तो जबरीने बाजूस बसवितो, आणि लेप मात्र अशा हिरडीपुढे हार खातो, रक्ताबरोबर वाहून जातो. परंतु माझ्या मते या साधनाचा खरा गुण तो हाच. दोऱ्याच्या जोरावर आम्ही वर्षानुवर्षे आजारी हिरडीची मापे घेत आलो. हिरडी बरी करून मग माप घ्यावे, हा नियम सर्वांना तोंडपाठ होता आणि दोरा हाताशी असल्यामुळे त्याची अंमलबजावणी तहकूब राहत असे. लेपाने ती पळवाट बंद केली. आता दाताला तात्पुरती टोपी बसविताना तिचा काठ हिरडीत घुसत नाही ना, याची खातरजमा मी पूर्वीपेक्षा किती तरी बारकाईने करतो, कारण हिरडी सुजण्याचे निम्मे कारण त्या ओबडधोबड ॲक्रिलिकच्या काठातच असते. दात साफ करून देतो, ब्रश कसा फिरवावयाचा ते दाखवितो, आणि रुग्णाला पंधरवड्याने बोलावतो. तेवढ्यात हिरडी गुलाबी, घट्ट, धारेसारख्या पातळ काठाची झालेली असली, तर लेपाला काही जोर लावावा लागत नाही.

पंधरवड्याची ही तजवीज सर्वांना रुचते असे नाही, आणि विदर्भात तर तिच्या आड खर्रा येतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, परंतु सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळणारा खर्रा आमच्या भागात तसाच चालू राहिला. त्याची गोळी रात्रंदिवस खालच्या गालफडात धरणाऱ्याच्या हिरडीला तेथे पांढुरकी, चामट कळा येते. सुपारीने दाढा झिजून बुटक्या होतात, म्हणून कड आणखी खाली न्यावी लागते. आणि तोंडाची कातडी आखडून जबडा दोन बोटेही उघडेनासा झाला, म्हणजे मापाचा ट्रे आत घालण्याचाच प्रश्न उभा राहतो. असाच एक ट्रकमालक, हिरडी बरी झाल्यावर माप घेऊ म्हणताच, खिशातली पुडी चाचपीत म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, पंधरा दिवस नाई खाल्ला त माप घेता ना? मंग कॅप बसल्यावर खाऊ शकतो ना?’ पहिल्या प्रश्नाला मी होकार दिला. दुसऱ्याचे उत्तर त्याला आवडले नाही, पण तो ठरल्या दिवशी आला.

हल्ली माप घेण्यासाठी तोंडात कॅमेरा फिरविणारी यंत्रे आली आहेत, आणि हिरडी सारण्याची कटकट त्यांनी संपविली असा समज पसरविण्यात येतो. रबर निदान थोडे आत शिरते. प्रकाशाला तेवढीही सवलत नाही, जे दिसत नाही ते त्याच्या लेखी नाहीच. तेव्हा लेप धुऊन झाल्यावर रबर घाला किंवा कॅमेरा फिरवा, त्याआधीच्या कामात कपात होत नाही.

दोरा मी टाकून दिलेला नाही. जाड हिरडीच्या, खोल उतरलेल्या कडेच्या दाढेला नुसता लेप पुरत नाही. तेथे दोन शून्यांचा बारीक दोरा तळाशी बसवून त्यावर लेप भरतो, लेप धुतो आणि दोरा आतच ठेवून माप घेतो. असा दोरा नजरचुकीने खाचेत राहिला तर हिरडी पिकते, हे आमच्या मदतनीस बाईंना इतके पक्के ठाऊक आहे, की तो ओला होऊन चिमट्यात आलेला स्वतः पाहिल्याशिवाय त्या रुग्णाच्या गळ्यातला रुमाल सोडीत नाहीत, मग मी कितीही सांगितले तरी.