लाल रंगाचं सोनं

बालमित्रांनो, सोन्याचा रंग कोणता? "पिवळा!" असं तुम्ही एका सुरात सांगाल. मीही परवापरवापर्यंत तेच सांगत होते. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी चक्क लाल सोनं पाहिलं!

त्याआधी एक कबुली द्यायची आहे. तेरा वर्षांपूर्वी मी चौथीला शिकवत होते. एकदा खडूचे तुकडे करून दाखवत मी म्हटलं, "बघा, कितीही बारीक केला तरी खडू तो खडूच." तोच एक मुलगी उठली. "बाई, दिसेनासा होईपर्यंत बारीक केला तरीही?" मला उत्तर येत नव्हतं. ते कबूल करायचं सोडून मी तिच्यावरच डाफरले, "खाली बस. पुस्तकात आहे तेवढं कर." ती मुकाट्यानं बसली.

तीच मुलगी आता विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे. विषय आहे नॅनोपदार्थ. सुटीत भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, चला, आमची प्रयोगशाळा दाखवते."

नॅनो म्हणजे किती लहान, ठाऊक आहे? तुमच्या पट्टीवरचा १ मिलिमीटर घ्या आणि मनातल्या मनात त्याचे १० लाख सारखे भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. आपला केससुद्धा सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आणि नॅनोपदार्थांचे कण असतात साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे!

असे कण बनवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, जात्यावर पीठ दळावं तसा मोठा पदार्थ बारीक करत जायचं. दुसरा, पाकात खडीसाखरेचा खडा धरतो तसा अणूला अणू जोडत कण वाढवायचा. तिनं मला दुसरा मार्ग दाखवला.

काचेचा चंबू तिनं आधी आम्लराजानं आणि मग शुद्ध पाण्यानं धुऊन ठेवला होता. त्यात सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळवलं आणि सोडियम सायट्रेट घातलं. लिंबात सायट्रिक आम्ल असतं ना, त्याचाच हा क्षार. आधी पिवळा रंग गेला. मग द्रावण काळपट झालं, जांभळं झालं आणि पाहता पाहता डाळिंबाच्या रसासारखं लाल! त्यात सोन्याचे १५-२० नॅनोमीटरचे कण तरंगत होते. एवढ्याशा कणांवर उजेड पडला की त्यांतले इलेक्ट्रॉन एकदम हिंदकळतात आणि उजेडातला हिरवा भाग शोषून घेतात. म्हणून आपल्याला लाल रंग दिसतो. सोनं तेच, पण आकार बदलला आणि गुण बदलला!

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या मायकेल फॅरेडे यांनी १८५७ सालीच अशा लाल सोन्याविषयी लिहिलं होतं. फॅरेडे म्हणजे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. विद्यापीठात तर ते कधी शिकलेच नव्हते. होती ती प्रश्न विचारायची खोड!

"पहिल्याच खेपेला जमलं का गं?" मी विचारलं.

"छे हो, बाई! चंबू नीट धुतला नव्हता. सगळं काळंनिळं होऊन तळाशी बसलं. मी रडवेली झाले. पण सर रागावले नाहीत. म्हणाले, का बिघडलं असेल ते वहीत लिही."

मी गप्प झाले. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "खडूचं आठवतं तुला?"

"आठवतं ना! त्यानंतर वर्षभर मी वर्गात हातच वर केला नव्हता." ती हसली. मला मात्र हसता आलं नाही.

मुलांनो, आता माझ्या वर्गात फळ्याचा एक कोपरा राखून ठेवलाय. ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, तो तिथं लिहायचा. मग सगळे मिळून उत्तर शोधतो. पालकहो, तुमच्याही घरात असा एक कोपरा असू द्या. "मला ठाऊक नाही, चल, शोधू या," असं म्हटल्यानं मोठी माणसं काही लहान होत नाहीत.

आणि लहान झालीच, तर बिघडलं कुठं? लहान झाल्यावरच तर सोन्याला नवा रंग चढतो!