फुकटच्या इंजिनावर चाललेला कॅरम

गोडदेव नाक्यावरून आत वळलं की गाळ्यांची रांग लागते. मी 26 वर्षं त्यातल्याच एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांच्या बफिंगवर आहे. आमच्याकडे इंजिन म्हणजे टेम्पोचं, नाहीतर खाडीतल्या बोटीचं. म्हणून धाकट्या मुलीने जेवताना सांगितलं, "अब्बा, मला एकदम चांगलं इंजिन फुकटात मिळालं," तेव्हा तिची अम्मी आधी हसली आणि मग संशयाने म्हणाली, "फुकटात? कुणाचं आहे ते?"

हा "कुणाचं" पुढे वर्षभर आमच्या घरात मुक्कामाला राहिला. आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुलं-मुली बी.एस्सी. आयटी, बीसीए किंवा डिप्लोमा करत आहेत. त्यातली काही फोनवर खेळता खेळता स्वतः खेळ बनवायला बसली आहेत. त्यांच्या आईबापांपुढेही हा प्रश्न आज ना उद्या येईल, म्हणून आमची हकीकत लिहितो.

मुलीला कॅरमचा खेळ बनवायचा होता. कारण साधं आहे. आमच्या घरी दर रविवारी कॅरम होतो आणि तिची फुफी त्यात कुणाला जिंकू देत नाही. फोनवर कॅरम बनवायचा तर सोंगटीचं चित्र काढणं सोपं. अवघड हे की स्ट्रायकर सोंगटीला कोणत्या कोनात लागला, सोंगटी किती वेगाने कुठे जाईल, मध्ये दुसरी आली तर तिचं काय होईल, कडेला आपटून किती परत येईल. एकोणीस सोंगट्या आणि एक स्ट्रायकर, असे वीस नग एकाच वेळी हलतात, आणि फोनला हा सगळा हिशेब सेकंदाला साठ वेळा करावा लागतो. हा हिशेब करणारा तयार प्रोग्राम म्हणजे फिजिक्स इंजिन. त्याला वस्तूचा आकार, वजन, घर्षण आणि उसळी सांगायची. पुढची टक्कर तो सांभाळतो.

पूर्वी हे काम विकतच मिळायचं. 1998 मध्ये डब्लिन शहरात सुरू झालेल्या हॅवॉक कंपनीचं इंजिन मोठमोठ्या खेळांत असे, पण त्याचा परवाना घरी बसून खेळ बनवणाऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. मग काही जणांनी आपलं काम मोकळं करायला सुरुवात केली. रसेल स्मिथ यांचं ओपन डायनॅमिक्स इंजिन 2001 मध्ये आलं. त्यानंतर अर्विन कूमन्स यांचं बुलेट आलं, ज्याच्या कामासाठी त्यांना पुढे 2015 मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आणि सपाट, म्हणजे लांबी-रुंदीच्या खेळांसाठी आलं एरिन कॅटो यांचं बॉक्स टू-डी. कॅटो अमेरिकेत खेळांच्या कंपनीत नोकरीला होते. 2006 साली खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत इतर प्रोग्रामरना टक्कर कशी सोडवायची हे शिकवायला त्यांनी एक छोटा नमुना लिहिला, आणि 2007 मध्ये त्याचं पूर्ण इंजिन करून सगळ्यांना देऊन टाकलं.

आमच्या मुलीने हेच घेतलं. तिचा लॅपटॉप जुना, मोठी सॉफ्टवेअर त्यावर उघडतानाच पंखा ओरडायला लागतो. म्हणून तिने 'लव्ह' नावाचं हलकं साधन निवडलं, ज्याच्या पोटात बॉक्स टू-डी आधीपासूनच आहे. (नाव ऐकून तिच्या अम्मीने पुन्हा एकदा चौकशी केली.) लव्ह मोफत, त्यात लिहायची भाषा लुआ, तीही मोफत, ब्राझीलमधल्या एका विद्यापीठात 1993 मध्ये तयार झालेली. त्याआधी वर्गातल्या एकाने तिला पेन ड्राइव्हवर एक महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून दिलं होतं. ते तिने परत केलं. फार तत्त्वाने नव्हे. त्यात व्हायरस असेल अशी तिला खात्री होती.

पहिला खेळ तयार झाला तेव्हा तिने मला दाखवला. दिसायला सुरेख. मी स्ट्रायकर मारला आणि सोंगट्या अशा सरकल्या जणू पाण्यावर आहेत. जाता जाता हळू होत होत्या, पण थांबायचं नाव नाही. मी म्हटलं, "बेटा, हा कॅरम नाही. सोंगटी अशी थांबत नाही. ती चालते आणि बसते."

इथे मला या विषयात खरा रस वाटू लागला, कारण घर्षण हे माझं रोजचं काम आहे. तिने शोध घेतला तेव्हा कारण सापडलं. बॉक्स टू-डी बाजूने बघण्याच्या खेळांसाठी घडवलेलं आहे: जमीन खाली, वस्तू वरून पडतात, एकमेकींना घासतात. कॅरम आपण वरून बघतो. इंजिनला सोंगटीखालचा प्लायवूड दिसतच नाही, त्यामुळे त्याचं घर्षण ते आपोआप मोजत नाही. त्याऐवजी वेग कमी करायची एक सोय त्यात आहे, पण ती पाण्यातल्या होडीसारखी चालते: वेग जास्त तर अडवणूक जास्त, वेग कमी झाला की अडवणूकही कमी. प्लायवूड तसा नसतो. सोंगटी वेगात असो की हळू, तो तिला जवळपास सारख्याच जोराने धरून ठेवतो. म्हणून खरी सोंगटी शेवटी ठाम थांबते.

हे इंजिन आपोआप करत नव्हतं, म्हणून आपणच लिहायचं ठरवलं. मग रविवारी बोर्डवर प्रयोग केले. मुलीने फोन वर धरून व्हिडिओ काढला, मी स्ट्रायकर मारला, तिच्या भावाने टेप लावली. पावडर नसताना, थोडी असताना आणि फुफी टाकते तेवढी असताना. साठ सेंटिमीटर जाऊन थांबायला किती वेळ लागला, त्यावरून अडवणूक किती ते निघतं; अंतराची दुप्पट करून वेळेच्या वर्गाने भागायचं, शाळेतलंच गणित आहे. पावडर टाकलेल्या बोर्डवर सेकंदाला वेग सुमारे एक मीटरने कमी होतो असं आमचं उत्तर आलं. ते तिने स्वतः लिहिलेल्या चाळीसेक ओळींत घातलं आणि सोंगटी बसायला लागली.

आणखी दोन अडचणी निघाल्या. जोराचा फटका सेकंदाला पाच मीटरने गेला तर साठाव्या भागात स्ट्रायकर आठ सेंटिमीटरहून पुढे उडी मारतो. सोंगटी आणि स्ट्रायकर मिळून रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एका क्षणी तो अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे, आणि सोंगटी जागच्या जागी. यावर उपाय इंजिनातच होता. स्ट्रायकरला "गोळी" म्हणून खूण करायची, मग त्याची वाट अधलीमधलीही तपासली जाते. दुसरी अडचण मापाची. हे इंजिन दहा सेंटिमीटर ते दहा मीटर आकाराच्या वस्तूंसाठी बेतलेलं आहे, आणि सेकंदाला एक मीटरहून हळू झालेल्या टकरीला ते उसळीच देत नाही. तीन सेंटिमीटरची सोंगटी हळूच टेकली तर चिकटल्यासारखी राहायची. मग मुलीने आतल्या हिशेबात बोर्ड दहापट केला. 74 सेंटिमीटरचा बोर्ड झाला सात मीटर 40 सेंटिमीटरचा, आमच्या हॉलपेक्षा मोठा. पडद्यावर मात्र होता तेवढाच.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं कारण बाहेर दोन्ही टोकांची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतात, आयतं उचललं, यात पोरीचं काय? दुसरे म्हणतात, सगळं तिनेच केलं, मशाअल्लाह. दोन्ही खरं नाही. टकरींचं गणित कॅटोंचं. ते तिला एकटीला दहा वर्षांत जमलं नसतं. प्लायवूड आणि पावडर आमची.

आता "कुणाचं" या प्रश्नाकडे येतो. बॉक्स टू-डीच्या त्या आवृत्तीचा परवाना मी तिच्याकडून मराठीत समजून घेतला. अर्ध्या पानाचाही नाही. वापरा, बदला, विका. एवढंच की हे मूळ तुम्ही लिहिलं असा दावा करू नका, बदल केलात तर बदललेलं म्हणून सांगा, आणि मूळ मजकुरातली ही सूचना काढू नका. खेळात आमचं नाव दिलंत तर आनंद आहे, सक्ती नाही. (नंतरच्या आवृत्त्यांचा परवाना वेगळा, त्यात हक्काची सूचना सोबत ठेवावीच लागते.)

सक्ती नसली की काय होतं, याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा अँग्री बर्ड्स डिसेंबर 2009 मध्ये आला. आपल्या घरातल्या मुलांनीही तो खेळला असेल. पक्षी गलोलीतून सुटतो, लाकडं-दगड कोसळतात. ते कोसळणं बॉक्स टू-डीचं होतं. 2011 पर्यंत खेळ कोट्यवधी फोनांत गेला. त्या वर्षीच्या परिषदेत रोव्हिओचे अधिकारी बोलले, आणि नंतर श्रोत्यांतून एकाने विचारलं, तुमचं फिजिक्स इंजिन कोणतं? बॉक्स टू-डी, असं उत्तर आलं. मग त्याच्या निर्मात्याचं नाव खेळात द्याल का? हो, जरूर, म्हणाले. विचारणाऱ्याने आभार मानले आणि सांगितलं, तो निर्माता मीच, एरिन कॅटो. पैसे त्यांनी मागितले नाहीत. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते इंजिनापेक्षाही या सभ्यपणाचं.

मोफतचे प्रकारही सारखे नसतात, हे मुलांना सांगायला हवं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा खेळ काढला, तो अनरियल इंजिनवर. अनरियल सुरुवातीला फुकट, पण खेळाची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली की त्यापुढच्या कमाईचा पाच टक्के वाटा द्यायचा. सौदा स्पष्ट आहे, तक्रार नाही. युनिटीने मात्र सप्टेंबर 2023 मध्ये अचानक जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे खेळ जितक्यांदा फोनवर उतरवला जाईल तितक्यांदा फी लागेल. जगभरचे छोटे खेळवाले हवालदिल झाले, आणि वर्षभराने ती फी रद्द झाली. बॉक्स टू-डीचं तसं नाही. एकदा दिलेलं परत मागता येत नाही, अशा अटींवर ते दिलेलं आहे.

आता पैशाची गोष्ट. खेळ ओळखीच्या लोकांत फिरायला लागल्यावर मीरा रोडचे एक गृहस्थ घरी आले. चहा घेतला, खेळ पाहिला, सोंगट्या बसतात कशा याची तारीफ केली. चाळीस हजार देतो म्हणाले. मुलीची शेवटच्या वर्षाची फी बाकी होती, आणि गाळ्यात ऑर्डर नसल्याने माझा ओव्हरटाइम तीन महिने बंद होता. त्यांना दोन बदल हवे होते. "आभार"ची पाटी काढायची, कारण गिऱ्हाइकाला बाहेरची नावं कशाला? आणि प्रत्येक डावाला दोन्ही खेळणाऱ्यांनी पैसे लावायचे, जिंकणाऱ्याला रक्कम, मधला कट त्यांचा.

मुलीने परवाना उघडून पाहिला. त्यात दोन्हीपैकी कशालाही मनाई नव्हती. पाटी ठेवणं बंधनकारक नव्हतं, आणि इंजिन कशासाठी वापरावं यावर कॅटोंनी कसलीच अट घातलेली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलण्याआधी तिची अम्मी आतून म्हणाली, "पैसे लावलेला कॅरम या घरात कधी झाला नाही, फोनमध्ये का होईल?" पैशांवरचं उत्तर तिथेच झालं. पाटीवरचं उत्तर मुलीने स्वतः दिलं. "काका, पाटी काढली तर मी कुणाकुणाला सांगू की टक्कर मी लिहिली? मला तर ती अजून पूर्ण कळलेलीही नाही." गृहस्थ भले होते, रागावले नाहीत. फी आम्ही हप्त्यांनी भरली, शेवटचा हप्ता तिच्या मामूने. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण आमच्याकडे हा विषय त्याआधीच संपला होता.

घर्षणाच्या त्या चाळीस ओळी मुलीने तशाच परवान्यावर मोकळ्या ठेवल्या आहेत. वर नाव तिचं, खाली "पावडरचं माप: अब्बा". आतापर्यंत एकाच मुलाने त्या वापरून पाहिल्या. त्याने लिहिलं की घर्षण छान आहे, पण कडेवरून सोंगटी जरा जास्तच परत येते. त्याचं म्हणणं बरोबर असावं, कारण आमच्या बोर्डाच्या कडा नव्या आहेत. आता जुन्या, मऊ पडलेल्या कडांचा बोर्ड हवाय, आणि तो फुफीच्या माळ्यावर आहे. ती तो मोजायला देईल, पण आधी एक डाव खेळावा लागेल.