अहो, मांजराचं वेळापत्रक बघितलंत का!

तुम्हाला हे माहीत होतं? मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपतं! आणि सगळ्यात तरतरीत कधी असतं, तर पहाटे आणि तिन्हीसांजेला! म्हणजे नेमकं आपण घरात असतो तेव्हा! इकडे डबे भरायची घाई, तर तिकडे त्याची पळापळ! घराला कुलूप लागलं की ते खुशाल झोपणार, आणि आपण गाडीची गर्दी सोसून घरी पोचलो की ते ताजंतवानं दारात! हे वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये!

मी तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही हं. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, मुलांच्या शाळा नि क्लास, आणि घरात मांजर आणायचं ठरलं, म्हणून वाचायला घेतलं. आणि मग काय काय सापडत गेलं!

पर्शियन! काय ते रूप! पण त्या लांब केसांना रोज फणी हवी, नाहीतर जटा होतात, आणि नाक चपटं म्हणून श्वास जड, डोळ्यांतून पाणी, आणि मग आपला मे महिना! नको बाई. आमच्याकडे सकाळी लेकीच्या वेण्या घालायला वेळ पुरत नाही. बंगाल नावाचं मांजर जन्मलं अमेरिकेत! एका ठिपकेदार जंगली मांजराशी संकर करून! त्याला इतकं खेळायला लागतं, की दिवसभर एकटं ठेवलं तर घर डोक्यावर घेईल.

आणि सयामी! थांबा, हे ऐकाच! सयामीची पिल्लं जवळपास पांढरी जन्मतात! त्यांच्या अंगात रंग तयार करणारं जे विकर असतं ते उबेत नीट कामच करत नाही, आणि आईच्या पोटात तर सगळीकडे ऊबच, आणि मग बाहेर आल्यावर कान, नाक, पंजे, शेपूट, जिथे जिथे अंग जरा गार तिथे तिथे गडद रंग चढत जातो! तिचा तो काळा मुखवटा म्हणजे थंडीने काढलेलं चित्र! पण ती भारी बोलकी, तिला सतत माणूस लागतं. तिला दिवसभर बंद फ्लॅटमध्ये ठेवणं म्हणजे अन्यायच.

आणि मग आपलं देशी! सोसायटीच्या जिन्यात बसलेलं! आखूड केस, आठवड्यातून एकदोनदा ब्रश फिरवला की झालं! आपल्या उन्हाची सवय! चपट्या नाकाची भानगड नाही! शिवाय रंग बघा! तिरंगी असली तर जवळजवळ नक्की मादी, आणि नारिंगी असला तर बहुतेक बोका! सगळी गुणसूत्रांची करामत, आणि ती आपल्या जिन्यात!

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? पिल्लूच आणायला हवं असं मुळीच नाही! पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा भरवा, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, आणि मोठेपणी स्वभाव कसा निघेल कुणाला ठाऊक. दोन-तीन वर्षांचं मांजर दत्तक घेतलं तर स्वभाव आधीच कळतो! शांत की खट्याळ, मुलांत रमतं की लांब राहतं, सांभाळणाऱ्यांना सरळ विचारायचं! आणि पिल्लूच हवं असेल तर भावंडांची जोडी आणा, दुपारभर एकमेकांशी खेळतील. मी मात्र मोठ्या देशी मांजराच्या बाजूने, ठामपणे!

खिडक्यांना जाळी, रेबीजची लस, नसबंदी, हे हवंच. दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही! आणि पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही नको, ती त्यांच्या जिवावर बेतते.

येत्या रविवारी आम्ही निवाऱ्यात निघालोय, तुम्हीही चला! तिथे गेल्यावर मांजराकडे बघत डोळे हळूहळू मिटायचे आणि उघडायचे. असं केलं तर अनोळखी माणसाच्याही हाताशी ते यायची शक्यता वाढते, हे ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलंय! खरंच! चला, आत्ताच सराव करू! मिटा! आता उघडा! अहो, हळू, आणखी हळू!