कुणाला विचारलं?

माझा धाकटा भाऊ मॅडोनाचा चाहता. २०१५ साली तिचं ‘लिव्हिंग फॉर लव्ह’ ब्रिटनच्या यादीत २६ व्या क्रमांकावर अडलं, तेव्हा तो आणि त्याचे दोस्त रात्र रात्र वाद घालत. याच बाईची १३ गाणी तिथं पहिली आली होती! कुणी म्हणे, डिसेंबर २०१४ मध्ये गाणी इंटरनेटवर फुटली, सहा गाणी घाईघाईने विक्रीला आणावी लागली, तिथंच जोर ओसरला. कुणी म्हणे, गाण्यातच दम नाही. भावाचा राग बीबीसी रेडिओ वनवर. त्यांनी ते गाणं नेहमीच्या यादीत घेतलंच नव्हतं. वयाचा संबंध नाही, असा त्यांचा खुलासा होता. पण श्रोते १५ ते २९ वयाचे हवेत आणि मॅडोना ५६ वर्षांची.

‘‘ऐकवलंच नाही, तर आवडलं नाही असं कसं म्हणता?’’ भाऊ विचारी. मी हसायचो.

त्याच वर्षी शाळेच्या सालाना जलशाची यादी माझ्या हाती होती. निवृत्त हेडमास्टरसाहेब दरवर्षी नज्म पेश करत. मी त्यांचं नाव गाळलं. म्हटलं, ‘‘आजकाल मुलं ऐकत नाहीत.’’ ‘‘ठीक है बेटा,’’ म्हणत ते पहिल्या रांगेत बसून सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत राहिले.

जलसा संपल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, बडे सर की नज्म क्यों नहीं हुई?’’

मुलांना मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी बोलवायला स्वतः गेलो. तोवर त्यांना खुर्चीतून उठवत नव्हतं.

मॅडोनाचं गाणं का पडलं, ते तिचे चाहते जाणोत. आमच्या जलशातली नज्म कुणी पाडली, ते मला ठाऊक आहे.