आंकडे नसलेलें घड्याळ

पाहून नेमकी वेळ कळूं नये असें घड्याळ कोणी मुद्दाम करील, हें माझ्या वडिलांना अखेरपर्यंत पटलें नाहीं. ते गणिताचे शिक्षक. त्यांच्या मनगटावर एच्‌एम्‌टीचें ‘जनता’ असे. रोज सकाळीं पूजेइतक्याच निष्ठेनें ते त्याला किल्ली देत आणि आकाशवाणीच्या बातम्यांशीं तें ताडून पाहत.

१९८९ सालीं अक्का पॅरिसहून आली. तेथें एका प्रयोगशाळेंत ती नोकरीला होती. तिच्या हातांत शॅनेलचें ‘प्रमिएर’ होतें. पोशाख नि अत्तरें यांकरितां गाजलेल्या या पेढीनें १९८७ सालीं काढलेलें हें पहिलेंच घड्याळ. त्याचा आराखडा झाक एल्यू या कलादिग्दर्शकाचा. तो कांहीं घड्याळजी नव्हे. म्हणूनच कीं काय, त्यांत यंत्रापेक्षां आठवणीच अधिक. तबकडीचा अष्टकोन घेतला तो ‘नंबर पांच’ अत्तराच्या कांचेच्या बुचावरून आणि पॅरिसच्या प्लास व्हान्दोम या चौकावरून. चामड्याची फीत ओवलेली सांखळी घेतली ती शॅनेलबाईंच्या १९५५ सालच्या हातपिशवीवरून. काळ्याभोर तबकडीवर दोन कांटे, बस्स. आंकडा नाहीं, रेघ नाहीं, सेकंदाचा कांटा तर नाहींच नाहीं.

अक्कानें तें पहिल्या वर्षाच्या शिलकेंतून घेतलें होतें. केवळ वेळ कळावी म्हणून कोणी एवढे पैसे मोजीत नाहीं. त्या शहरांत आपण नुसत्या पाहुण्या नाहीं, हें स्वतःला पटविण्यासाठीं तिनें ते मोजले असावेत, असें आज वाटतें. त्या दिवशीं वाटलें नाहीं.

वडिलांनीं तिचा हात उजेडाकडे वळविला, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलें, “यांत वाजले किती?”

“साधारण सव्वाचार.”

“साधारण!” एवढेंच ते म्हणाले.

आम्ही सारे हंसलों. सर्वांत मोठ्यानें मी. अक्काही हंसली, पण जेवायला बसली तेव्हां तिचें मनगट मोकळें होतें. पुढें ती कितीदां तरी आली, वडील गेल्यावरही आली; तें घड्याळ मात्र आम्हांला पुन्हा दिसलें नाहीं. तिनें तें विकून टाकलें असेल, असें मी खुशाल धरून चाललों होतों.

गेल्या वर्षीं अक्का गेली आणि भाचीनें तें मला आणून दिलें. बंद होतें. मंडईजवळच्या घड्याळजीनें मागचें झांकण काढून नवा सेल बसविला. (किल्ली देण्याची यांत सोयच नाहीं, वडिलांनीं त्यालाही नांवें ठेवलीं असतीं.) कांटे चालूं लागले. भिंगांतून सांखळी न्याहाळीत तो म्हणाला, “बाईंनीं फार वापरलंय हो. चामडं बघा.”

मीं पाहिलें. कड्यांवरचा सोन्याचा मुलामा मनगटाच्या बाजूनें विरळ झाला होता. काळी फीत घामानें तपकिरी पडली होती. चार सणांना मिरवून असें होत नाहीं. त्याला रोजचा हात लागतो, वर्षानुवर्षें.

म्हणजे आमच्याकडे येतांना ती तें काढून ठेवीत होती तर! कोठें काढीत असेल? विमानांत? मुंबईला उतरल्यावर? कीं आमच्या गल्लीच्या तोंडाशीं, रिक्षांत बसल्याबसल्या?

भाचीला ठाऊक असेल. तिला विचारावें असें कित्येकदां मनांत येतें. अजून विचारलेलें नाहीं.