खैरलांजीची गोधडी

खैरलांजी हे माझ्या आईचे माहेर. हे नाव सांगितले की समोरचा मराठी माणूस क्षणभर गप्प होतो, आणि त्याचे काही चुकत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली ते खैरलांजी भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आहे. आमचे खैरलांजी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात. कॉलेजात असताना कोणी विचारले की मी घाईघाईने "नाही नाही, आमचे वेगळे" म्हणून सुटका करून घ्यायची. आता तसे करत नाही. कोणते गाव कुठले ते नीट सांगते आणि मग आमच्या गावाबद्दल बोलते.

आमचे गाव धानाच्या पट्ट्यात आहे. एका अंगाला बावनथडी, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, आणि नदीपलीकडे महाराष्ट्र. आजोबांच्या तरुणपणी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शाळा हिंदी, दुकानाच्या पाट्या हिंदी, सोयरिक मात्र गोंदिया-भंडारा-नागपूरकडे. माझी मामी एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरते आणि मध्ये कुठे शिवण आहे ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

मामी शिवणकाम करते. मी यंदा जानेवारीत तिच्याकडे गेले ते एक गाठोडे घेऊन.

आई गेल्यावर तेराव्यानंतर दोनच दिवसांत मला बंगळुरूला परतायचे होते. मी आणि वहिनीने एका दुपारी तिचे कपाट आवरले. रोजच्या वापरातल्या सुती साड्या चौदा-पंधरा निघाल्या, धुऊन धुऊन विरलेल्या, काहींचे काठ उसवलेले. दारावर भांडेवाली आली होती, तिला त्या दिल्या. बदल्यात स्टीलचे एक पातेले मिळाले. चांगल्या साड्या तेवढ्या ठेवल्या: लग्नातली, माझ्या मुंजीएवढ्या थाटात झालेल्या बारशातली (हे आईचेच शब्द), दोन वारासिवनीच्या रेशमी. पुढे वर्षभराने ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिच्या आजीच्या साड्यांची गोधडी दाखवली आणि मला वाटले, आपणही करावी. मामी आहेच.

गोंदियाहून बालाघाटमार्गे कटंगीकडे जाणाऱ्या गाडीने वारासिवनीला उतरायचे आणि पुढे रस्त्याने खैरलांजी. लहानपणी या वाटेवर नॅरो गेजची गाडी होती. ती इतकी सावकाश जायची की मामाचे म्हणणे, खाली उतरून बोरे वेचावी आणि पुन्हा चढावे. आता रुंद रूळ झाले आहेत आणि बोरे स्टेशनबाहेर वीस रुपये पाव किलो मिळतात.

वारासिवनीत मी मुद्दाम दोन तास थांबले. तिथल्या हातमागाच्या साड्यांना आणि कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बातमी आली तेव्हा मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली होती आणि आईने खाली फक्त "माझ्याकडे दोन आहेत" असे लिहिले होते. विणकरांच्या गल्लीत मागाचा खटखट आवाज आधी येतो, माग नंतर दिसतो. एका घरात आजोबा पायाने पावड्या दाबत होते, शेजारी नातू मोबाइलवर क्रिकेट बघत होता आणि मधूनच दोरा तुटला की उठून जोडून देत होता. नदीपलीकडे भंडारा जिल्ह्यात कोसा विणतात, करवती काठाच्या साड्या करतात. सगळा मिळून हा विणणाऱ्यांचा प्रदेश. पण या साड्या आमच्या घरातल्या बायका नेसायच्या कधी? लग्नात, महालक्ष्म्यांना, फार तर हळदीकुंकवाला. एरवी बाजारातली साधी सुती. रोवणीच्या दिवसांत ती गुडघ्यापर्यंत खोचलेली, संध्याकाळी विहिरीवर धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच.

मामीने गाठोडे सोडले, एकेक रेशमी साडी उचलून बाजूला ठेवली.

"हे काय आनलं वं?"

"गोधडी शिवायची आहे ना मामी. आईच्या साड्यांची."

"याची?" तिने बोटाने जरीचा काठ दाबला. "रोजच्या कुठी हायेत?"

मी भांडेवालीचे सांगितले. मामी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पातेलं तरी चांगलं जाड हाय का?"

पातेले पातळच आहे. दूध लागते त्यात.

मग तिने मला समजावले. रेशीम सरकते, थर एकावर एक बसत नाहीत, टाका घातला की कापड चुणते. जर टोचते. नव्या सुती कापडातही सुई नीट जात नाही, कारण त्यात खळ असते. जी साडी शंभर-दोनशे वेळा धुतली, जिची खळ गेली आणि सूत फुलले, तीच गोधडीच्या पोटात घालायची. तिच्यात हवा धरते, म्हणून ऊब. अंगावर वापरून वापरूनच कापड तयार होते, ते दुकानात मिळत नाही.

जाडी भरायला म्हणून मी माझे तीन टी-शर्टही नेले होते. माझ्या कपाटात असे चौदा आहेत आणि अकरांवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचे नाव आहे. बारा वर्षांच्या नोकरीत माझी वेशभूषा म्हणावी तर हीच. मामीने एका टी-शर्टवर तांब्यातले चार थेंब टाकले. ते वरच्या वर घरंगळले. "हे पानी पीत नाई," ती म्हणाली आणि तिन्ही परत दिले. पॉलिएस्टर ते. म्हणजे उद्या माझी गोधडी कोणी शिवायची ठरवली तर घालायला काही नाही! हा विचार मला तिथे बसल्या बसल्या आला आणि अजून गेलेला नाही.

रेशमी साड्या पुन्हा घडी करून ठेवायला मामीने ज्या फडक्यात त्या आणल्या होत्या ते झटकले. झटकले आणि थांबली. खिडकीजवळ जाऊन उजेडात धरले. फिकट निळे, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या जागा उरलेल्या. आईची रोजची साडी, अर्धी फाडलेली. रेशमी साड्या ती नेहमी जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवायची, जरीला हवा लागू नये म्हणून. मी ते कपाटातून काढले, गाठ मारली, बंगळुरूहून इथवर आणले, आणि एकदाही त्याच्याकडे पाहिले नव्हते. तुमच्या घरी चांगल्या साड्या कशात गुंडाळल्या आहेत, एकदा बघून ठेवा.

"हे पुरते," मामी म्हणाली.

एवढ्याने गोधडी होत नाही, हे मलाही कळत होते. मामीने स्वतःच्या तीन जुन्या साड्या काढल्या, मामाचे दोन दुपट्टे, एक धोतर. अंगणात सतरंजी टाकून त्यावर ते थर अंथरले, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. निळा तुकडा आत घालायचा की वर, यावर आमचे थोडे वाजले. मला तो वर हवा होता, दिसायला. मामी म्हणाली, इतके विरलेले कापड वर घातले तर दोन पावसाळ्यांत जाईल, आत राहिले तर वीस वर्षे राहील. तिचे ऐकले. तो आता आत आहे, डाव्या कोपऱ्याकडे. मला माहीत आहे म्हणून हाताला कळतो.

आमच्याकडे गोधडी कडेने शिवत आत जातात, साधा धावदोरा, चौकोनात चौकोन. मी पहिल्या संध्याकाळी दोन वीत शिवले. मामीने त्यातले अर्धे उसवले. माझे टाके वर लहान आणि खाली लांब पडत होते. "वरून बरोबर दिसते," मी म्हटले. "झोपनार खालूनच ना," ती म्हणाली.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी घरातल्या वापरलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि पुढे त्यांची टपालतिकिटेही निघाली. त्यात मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये शिवलेली एक आहे, वारलेल्या नवऱ्याच्या शेतावरच्या कपड्यांची. गुडघ्यावर विटलेले कापड, ठिगळे, सगळे तसेच. मी तिचा फोटो मामीला दाखवला. मामीने तो मोठा करून बराच वेळ बघितला आणि विचारले, "पँटीचं जाड कापड. सुई कोनती वापरली असंल?"

मामीचे शिवणाचे सामान कागदाच्या टोपलीत असते. ही टोपली तिनेच केलेली, माझ्या मामेभावांच्या जुन्या वह्यांची. कागद तीन-चार दिवस पाण्यात भिजवायचा, उखळात कुटून लगदा करायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची, आणि उलट्या घमेल्यावर थापून उन्हात सोडायचा. सुटला की आतून-बाहेरून रंगीत कागद चिकटवायचा. मेथीने चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही, असे ती सांगते. एका टोपलीवरचा कागद फाटला आहे आणि आत लगद्यात अजून एका निळ्या शाईच्या बेरजेचे दोन आकडे दिसतात. बेरीज चुकलेली आहे, भाऊ मात्र आता बँकेत आहे.

खरा कागद मात्र भिंतीवर. मशीनच्या मागे खुंटीला सुतळीत ओवलेले वर्तमानपत्राचे तुकडे टांगलेले असतात: पुढचा भाग, पाठ, बाही, पट्टी. ब्लाउजची कापणी. मी लहानपणापासून ते पाहत आले होते, कधी विचारले नव्हते. या वेळी निळ्या तुकड्यानंतर मी सगळ्याकडेच बघायला लागले होते. सगळ्यात आतला कागद पिवळा पडलेला, कडांना चिकटपट्टी लावलेला. त्यावर सगळे आकडेच आकडे. दहावीचा निकाल, जून १९९४ चा, तेव्हा पेपरात पानेच्या पाने बैठक क्रमांक छापून येत. त्या क्रमांकांवर पेन्सिलने आईच्या अक्षरात लिहिलेले: छाती ३४, कंबर २९, मुंढा, बाही ९.

"तुझ्या मायचं माप हाय ते. तिनंच कापून देल्लं."

आईने लग्नानंतर नागपुरात शिवणाचा वर्ग केला होता, एवढे मला माहीत होते. दर मे महिन्यात ती खैरलांजीला येई, मामी नवी नवरी, घरात करमत नव्हते तिला. आईने तिला कापणी शिकवली ती स्वतःच्या मापावर, कारण दुसरे कोणते माप हाताशी नव्हते. मामीने त्यावरूनच बाकी सगळ्यांची बेतली. चौतीसचा कागद कापडावर ठेवायचा, छत्तीसच्या बाईला खडू अर्धा इंच बाहेर, बत्तीसच्या पोरीला अर्धा इंच आत, कारण कागद छातीच्या चौथ्या भागाचा असतो. मागचा गळा चौकोनी, दोन बोटे वर, पदर घसरला तरी अवघडल्यासारखे होऊ नये इतका. तो आईच्या आवडीचा. मी तिला सांगून पाहिले की आमच्या कामातही असेच असते, एक मूळ नमुना आणि त्यावरून सगळे. ती "हो का" म्हणाली आणि मला सुईत दोरा ओवायला दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. भाजीवाल्या, बांगड्यांचे दुकान, रेशनची रांग. मी पुढून जाणाऱ्या बायकांच्या पाठी बघत चालले होते. एक चौकोनी गळा, दोन बोटे वर. पुढे आणखी एक. लाल ब्लाउज, हिरवा, एका शाळेच्या शिक्षिकेचा पांढरा. मी मामीला म्हटले, "हा तुझा का?" "माझाच." "हा?" "तो पन." नऊ मोजले मी, मग सोडून दिले. आईच्या साड्या मी एका दुपारी देऊन टाकल्या होत्या, आणि इथे तिचा गळा बाजारहाट करत फिरत होता.

निघायच्या आदल्या रात्री मी तो कागद मागितला. मामीने चिन्नोरचा भात वाढला होता, त्याचा वास सगळ्या घरात. (बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये मानांकन मिळाले. मामा म्हणतो, वासाला कागद कशाला पाहिजे.) मला वाटले होते ती लगेच देईल.

"तो कसा देऊ?" मामी म्हणाली. "उद्या सकारी दोन ब्लाउज कापायचे हायेत."

मला आधी राग आला. आईचे अक्षर, माझ्या आईचे. फ्रेम करून लावता आले असते. मग ती उठली, आजचे हिंदी वर्तमानपत्र जमिनीवर पसरले, जुना कागद त्यावर ठेवला आणि कडेकडेने पेन्सिल फिरवून माझ्यासाठी नवा कापला. माझे माप घेतले आणि आकडे लिहायला पेन्सिल माझ्याच हातात दिली.

गोधडी मार्चमध्ये एका नातेवाइकाच्या हाती बंगळुरूला आली. रेशमी साड्यांपैकी एक मी आता ऑफिसला नेसते, महिन्यातून एखाद्या शुक्रवारी. तिच्यावरचा ब्लाउज मी शेजारच्या काकूंच्या मशीनवर स्वतः शिवला, त्या कागदावरून. पाठ छान बसली. हात मात्र वर होत नव्हता, टॅक्सी थांबवतानासुद्धा. फोनवर मामीला सांगितले.

"कागदावर हात नोको लावू," ती म्हणाली. "कापडावर मुंढा पाव इंच खाली घे. घालून पाहा. मंग सांग."